तिसरी टाकी

भन्तेजींना गाडीपर्यंत सोडून सगळे घरात परतले, तेव्हा कुठे प्रेमिलाबाईंच्या लक्षात आलं, की त्यांची लेक प्रीती सकाळपासून कोणाशी बोललेली नाही.

त्यांच्या नवऱ्याला, गोविंदाजींना, जाऊन वर्ष झालं होतं. इंदोरा वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या फोटोपुढे मेणबत्त्या अजून जळत होत्या. वंदना झाली, पंगती उठल्या आणि जाणारा प्रत्येक जण दारात थांबून त्यांच्या मुलाचा, अंकुशचा, हात हातात घेत होता. मंगळवारच्या पेपरात त्याचं नाव छापून आलं होतं. आरोग्य खात्याच्या डॉ. अंकुश मेश्राम यांच्या पथकाने शहरातलं एक वंध्यत्व उपचार केंद्र सील केलं, अशी बातमी होती. गोविंदाजींचे खाणीतले सोबती भैयाजी तर कन्हानहून तो अंकच घेऊन आले होते.

"गोविंदा असता त आज त्याची छाती फुगली असती," ते म्हणाले. "लोकांच्या पोरीबाळींच्या जिवाशी खेळून राहिले होते साले. बरं केलं गा, डॉक्टर."

अंकुश नुसती मान हलवत होता. प्रेमिलाबाईंनी पाहिलं, त्याच्या ताटातला भातही तसाच राहिला होता. थकला असेल, असं त्यांना वाटलं. आणि प्रीती मागच्या अंगणात एकटीच पातेली घासत बसली होती. भांड्यांना बाई लावली होती, तरी.

शेवटचा पाहुणा गेल्यावर प्रीतीच्या नवऱ्याने, गिरिधरने, दाराची कडी लावली. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर तो मॅनेजर होता. दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडणारा हा माणूस सासुरवाडीत कधी आवाज चढवत नसे. आजही तो हळूच बोलला.

"अंकुश, एक विचाराचं आहे. त्या केंद्रातल्या टाक्यांचं काय होणार आहे?"

"कोणत्या टाक्या, भाऊजी?"

"तुले माहीत आहे कोणत्या. ज्यांच्यात लोकांचे भ्रूण ठेवून आहेत."

प्रेमिलाबाईंना काही समजेना. त्या जावयाकडे, मग मुलाकडे पाहत राहिल्या. अंकुशची बायको सरिता स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिने मात्र नजर खाली वळवली.

"आई," गिरिधर म्हणाला, "त्यातले दोन आमचे आहेत. आठ वर्षांपासून. प्रीतीले या गुरुवारची तारीख भेटली होती. सोमवारी यानं सील लावलं."

प्रेमिलाबाई फोटोखालच्या खुर्चीवर बसल्या. आठ वर्षांपूर्वी प्रीती एक्केचाळीसची होती. तेव्हा दोनदा प्रयत्न झाले, दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. मग कोणी विचारायचं बंद केलं. त्यांनीही केलं. पुढच्या वर्षी गोविंदाजींना लकव्याचा झटका आला. अंकुश तेव्हा गडचिरोलीला होता, नंतर भंडाऱ्याला. प्रीतीने कॉन्व्हेंटमधली नोकरी सोडली आणि वाडीहून दोन बस बदलून रोज सकाळी आठला ती या घरात हजर होऊ लागली. सहा वर्षं ती आली. मुलगी आहे, करणारच, असं प्रेमिलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत.

प्रीती ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती.

"मले काहून नाही सांगतलं वं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"काय सांगणार होती? डॉक्टर म्हणे, पूर्ण आराम लागते, नऊ महिने ओझं उचलाचं नाही. बाबांले रोज दोनदा कुशीवर करावं लागे. पहिलं वाटलं, बाबा बरे झाले की जाऊ. मग समजलं, ते बरे होत नाहीत." प्रीती थांबली. "मग काय म्हणू, आई? बाबा गेले की जाईन, असं म्हणू?"

फोटोपुढची एक मेणबत्ती वाकून विझली. कोणी ती लावायला उठलं नाही.

प्रेमिलाबाईंनी मुलाकडे वळून पाहिलं. बत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी वर्ग सांभाळला होता. तोच आवाज आता बाहेर पडला. "अंकुश, उद्या सकाळी ते सील उघड."

"तसं उघडता येत नाही, आई."

"तूच लावलं ना?"

"मी सही केली. लावलं सरकारनं."

"सरकारचं मी सांगतो तुम्हाले," गिरिधर म्हणाला. आता त्याचा आवाज थोडा वर गेला. "कायदा असा आहे की बाईले पन्नास पूर्ण झाले की कोणतंच केंद्र तिले हात लावत नाही. प्रीतीले मार्चमध्ये पन्नास पूर्ण होतात. सात आठवडे राहिले. दुसऱ्या केंद्रात हलवासाठी याच्याच खात्याची परवानगी लागते. मी परवा गेलो होतो तिथं. बाबू म्हणते, यादीप्रमाणं होईन, सहा महिने धरून चाला. सहा महिने! आम्ही याले काही मागून राहिलो का? यादीत एक नाव वर घ्याचं आहे, बस."

"यादीत एकशे चौदा बाया आहेत, भाऊजी."

"त्यातली एक तुही बहीण आहे."

"घेऊन टाका ना वर," सरिता एकदम म्हणाली. "कोणाचं काय बिघडते? त्यातल्या बाकीच्यांले वेळ असंन. ताईंले नाही आहे. दोन महिन्यांपासून इंजेक्शनं घेऊन राहिल्या त्या. कंबर पाहा त्यांची, हिरवी-निळी झाली आहे."

अंकुशने बायकोकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"मीच देत होती इंजेक्शनं. ताई म्हणाल्या, अंकुशले सांगू नको."

"काहून?"

उत्तर प्रीतीने दिलं. "कारण तू विचारलं असतं, या वयात काहून. सगळ्यांनीच विचारलं असतं."

*

अंकुशला सोमवार आठवला. तो गेले सहा दिवस दुसरं काही आठवतच नव्हता.

केंद्राच्या तळमजल्यावर थंडगार खोली होती आणि तिच्यात कमरेएवढ्या उंच चार टाक्या. पथकातले लोक एकेका टाकीची नोंदवही वाचत होते आणि तो पंचनामा लिहून घेत होता. तिसऱ्या टाकीची वही त्याने स्वतः उघडली. अकराव्या पानावर नाव होतं, प्रीती गिरिधर रामटेके, राहणार वाडी, भ्रूण दोन. त्याने ते तीनदा वाचलं. मग त्याने पान उलटलं आणि पुढचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं, कारण लिहिणारा माणूस थांबला होता.

त्याच संध्याकाळी त्याने वरिष्ठांना पत्र दिलं. यादीत माझी सख्खी बहीण आहे, पुढच्या चौकशीतून मला वगळावं. वरिष्ठांनी वगळलं. त्यानंतर ऑफिसात कोणी त्याच्याशी त्या प्रकरणावर बोलेना. घरी तो कोणाशी बोलू शकत नव्हता. डबा घेऊन तो गाडीत जाऊन बसे आणि अर्धा तसाच परत आणी. आता कळत होतं, की सरिता त्याच घरात, त्याच ओट्याशी उभी राहून, त्याच नावाचं गुपित सांभाळत होती. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर? पण दोघांनाही गप्प राहायला सांगणारं कोणी ना कोणी होतं.

"अंकुश," गिरिधर म्हणाला, "काही बोलशीन का नाही?"

"मी यादीत नाव वर घेतलं तरी उपयोग नाही, भाऊजी."

"काहून?"

"मी तुम्हाले हे सांगणंही चूक आहे. नोकरी जाऊ शकते माझी. पण ताईले हे कोण्या बाबूनं सांगावं, असं मले नाही वाटत." त्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, बस जराशी."

"उभी बरी आहे मी."

"तिथं तुझं काही राहिलं नाही."

अंकुशने सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, पंचनाम्यात लिहितात तसं, कारण दुसऱ्या कोणत्या रीतीने त्याला सांगता येत नव्हतं. दीड वर्षाआधी, मे महिन्यात, नायट्रोजन वेळेवर आला नाही. त्या नायट्रोजनमध्येच भ्रूण गोठलेले राहतात. तो सतत उडत असतो, सतत भरावा लागतो. बाकीच्या टाक्या वाचल्या. तिसरीतला पूर्ण आटला. दोन दिवसांनी कोणाच्या लक्षात आलं. टाकी पुन्हा भरली, वहीत सगळं ठीक असल्याचं लिहिलं आणि त्या टाकीत भ्रूण असलेल्या एकतीस बायांपैकी कोणालाही कळवलं नाही. तिथे काम करणाऱ्या मुलीने सोमवारीच, त्याच्यासमोर दिलेल्या जबाबात हे सगळं सांगितलं होतं.

प्रीतीने दाराच्या चौकटीला हात लावला. तेवढंच.

"थांब," गिरिधर म्हणाला. "मग गुरुवारी ते काय करणार होते? तारीख त्यांनी देली. औषधं त्यांनी चालू केली."

हा प्रश्न येणार हे अंकुशला माहीत होतं. तो येऊ नये म्हणून तो सकाळपासून पाहुण्यांत उभा राहिला होता.

"ताईच्या नावाच्या, भ्रूण ठेवलेल्या दोन नळ्या सोमवारीच पहिल्या टाकीत सापडल्या. त्यांच्यावर ताईच्या नावाची चिठ्ठी होती. तिच्याखाली जुनी चिठ्ठी होती. दुसऱ्या बाईची."

*

गिरिधरला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं आणि तो उठून खिडकीशी गेला. बाहेर रस्त्यावर तुरीच्या शेंगांची गाडी उभी होती. चार बायका शेंगा निवडत होत्या.

गेले दोन महिने तो गोदामात बसल्या-बसल्या कॅलेंडर पाहत असे. आपण चौपन्न वर्षांचे आहोत, मूल दहावीला जाईल तेव्हा सत्तरीचे असू, असले हिशेब त्याने कोणाला न सांगता केले होते आणि तरी तो खूश होता. त्या मुलाचं नाक कोणासारखं असेल याचाही विचार त्याने केला होता.

"म्हणजे दुसऱ्याचं," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं तरी माझ्या घरात आलं असतं. आणि मले समजलं नसतं."

"नसतं समजलं," अंकुश म्हणाला.

"मग बरं झालं." गिरिधर वळला. "बरं केलं तू. मी उगाच बोललो तुले. सील लावलं ते बरं झालं."

"काय बरं झालं?" प्रीतीने विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय बरं झालं, सांगा ना. मले कोणी सांगतलं नसतं, तुम्हाले कोणी सांगतलं नसतं. मले राहिलं असतं. मी त्याले नऊ महिने वागवलं असतं. या घरात आणून आईच्या मांडीवर ठेवलं असतं. कोणाचं काय गेलं असतं?"

"प्रीती, दुसऱ्याचं रक्त..."

"आठ वर्षं वाट मी पाहिली. रक्त तुम्ही पाहून राहिले." ती भावाकडे वळली. "आता त्या नळ्या कोणाच्या आहेत? कागदावर?"

"कागदावर तुझ्या. वहीत तुझं नाव आहे. वरची चिठ्ठी तुझी आहे. जबाब देणारी मुलगी उद्या फिरली, त कोर्टात त्या तुझ्याच धरल्या जातील."

"म्हणजे मी मागितल्या त भेटतील."

"वकील चांगला असला, कोर्टानं घाई केली, त मार्चच्या आत भेटू शकतात."

"ताई," सरिता हळूच म्हणाली. गेले दोन महिने ती या बाईच्या बाजूने होती आणि आताही तिला तिच्याच बाजूने राहायचं होतं. पण ती बाजू आता नेमकी कुठे आहे, हे तिला दिसत नव्हतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?" प्रीतीने विचारलं.

"तू लिहून दिलं की माझे दोन तिसऱ्या टाकीत होते, पहिल्या टाकीशी माझा संबंध नाही, तर त्या नळ्या त्या बाईच्या नावावर परत होतात. तुझा जबाब नसला तर तपासणी, कोर्ट, वर्ष-दोन वर्षं. तोपर्यंत तिलेही देत नाहीत, तुलेही नाही."

"कोण आहे ती?"

"ते मी सांगू शकत नाही."

"नाव नको सांगू. कोण आहे?"

अंकुशने खाली पाहिलं. "भिवापूरकडची आहे. छत्तीस वर्षांची. तिचे तेवढेच दोन आहेत. मागच्या वर्षी तिचा आजार निघाला, ऑपरेशन झालं, आता नवे भ्रूण होऊ शकत नाहीत. तिले अजून काही माहीत नाही. तिले वाटते तिचे जपून ठेवले आहेत."

प्रीती तशीच परत अंगणात गेली.

*

प्रेमिलाबाई तिच्या मागे गेल्या. त्यांना पायरी उतरायला त्रास होत असे. एरवी प्रीती हात द्यायला यायची. आज ती आली नाही. त्या भिंतीला धरून उतरल्या आणि नळापाशी ठेवलेल्या पाटावर बसल्या.

प्रीती राख घेऊन पातेल्याचं बूड घासत होती. ते आधीच स्वच्छ होतं.

"मीच तुले बांधून ठेवलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"तू कुठं बांधलं? मीच येत होती."

"मी एक दिवस म्हटलं नाही, की नको येऊ."

प्रीतीने राखेची आणखी एक चिमूट घेतली. ते खरं होतं आणि नाही म्हणून आईचं समाधान करायची ताकद तिच्यात आज नव्हती. थोड्या वेळाने प्रेमिलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्रीतीने तो राहू दिला. पण आई जे समजून हात ठेवत होती आणि तिच्या आत जे चाललं होतं, ते एक नव्हतं. आईला वाटत होतं मुलगी गुरुवारसाठी रडते आहे. प्रीती दीड वर्षापूर्वीचा मे महिना आठवत होती. त्या दोन दिवसांत आपण काय करत होतो? कूलरमध्ये पाणी भरत असू. बाबांची पाठ पुसत असू. त्या दोन दिवसांत तिचं होतं-नव्हतं ते संपलं आणि तिला साधी चाहूल लागली नाही. पुढचं दीड वर्ष ती टाकीतल्या त्या दोघांशी मनातल्या मनात बोलत राहिली. बसमध्ये, वाडीच्या स्टॉपवर, बाबा झोपले की. थांबा रे थोडं, येते मी. मग ती कोणाशी बोलत होती?

"तुले पाहिजे असंन त मी तुझ्या बाजूनं आहे," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "कोणाचंही असो. गिरिधरजींले मी समजावीन. माझ्या मांडीवर येईन ते माझंच."

आयुष्यात पहिल्यांदा आई असं सरळ तिच्या बाजूने बोलली होती. प्रीतीने पातेलं उपडं ठेवलं.

"तिलेही आई असंन," ती म्हणाली.

*

बुधवारी संध्याकाळी गिरिधर म्हणाला, "मी सुट्टी टाकतो उद्या. जबाबाले सोबत येतो." प्रीती नको म्हणाली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. रविवारपासून ते दोघे घरात जपून वागत होते, पाहुणे वागतात तसे. आपण काय करणार हे तिने त्याला सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. सरिताचे तीन फोन येऊन गेले होते. अंकुशचा एकही नव्हता. त्याने करायचा नव्हता, ते तिला ठाऊक होतं.

गुरुवारी सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर तिचा जबाब घ्यायला दामिनी नावाची एक तरुण अधिकारी बसली होती. चष्मा डोक्यावर सरकवलेला, समोर कॉम्प्युटर. तिने नाव, पत्ता, वय विचारलं. प्रीतीने एकोणपन्नास सांगितलं. मग दामिनीने एका फोटोत त्या दोन नळ्या दाखवल्या. काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक होत्या. त्यांच्यावर प्रीतीचं नाव होतं, स्वच्छ छापलेलं.

"या तुमच्या आहेत का, मॅडम? आरामात सांगा. घाई नाही."

प्रीती त्या फोटोकडे बघत राहिली. खोलीत पंखा फिरत होता. हो म्हणायला एक अक्षर पुरत होतं. आई बाजूने होती, कागद बाजूने होता. भिवापूरकडच्या त्या बाईला बरेच महिने काही कळलंही नसतं. ती आज काय करत असेल? मिरच्या वाळत घालत असेल, कोणाच्या तरी पाठीला तेल लावत असेल आणि मनातल्या मनात म्हणत असेल, थांबा रे थोडं.

"नाही," प्रीती म्हणाली. "या माझ्या नाहीत."

दामिनीने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि टाइप करायला लागली. "पहिल्या टाकीतल्या नळ्यांशी तुमचा संबंध नाही, असं लिहू?"

"लिहा. आणि लवकर द्या म्हणावं तिले."

"ते जबाबात नाही लिहिता येत, मॅडम."

"मग तुम्ही लक्षात ठेवा."

दामिनीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग ती पुढच्या रकान्यावर आली. "तिसऱ्या टाकीत तुमचे किती होते?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता. घरात जे बोललं गेलं ते 'ते', 'तिथलं', 'तुझं ते काम' असंच बोललं गेलं होतं.

"दोन," प्रीती म्हणाली. "दोन होते."

दामिनीने आकडा टाकला, कागद छापला आणि सहीसाठी पुढे सरकवला. प्रीतीने तो पूर्ण वाचला आणि सही केली.

"सोबत कोणी आलं आहे का? बाहेरून बोलावू?"

"कोणी नाही."

"पाणी?"

"नको," प्रीती म्हणाली. "थोडं बसू का इथं?"

"बसा ना," दामिनी म्हणाली आणि दुसरी फाइल उघडली.